निघालं म्हणून कळवलं होतं

सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमधून उतरले आणि शेडमधून माझ्या टेबलाकडे जाताना पहिल्याच लाकडी खोक्यापाशी पाय थांबले. शनिवारी मी स्वतः काढलेल्या कुंकवाच्या स्वस्तिकाखाली लाल चिकटपट्टी लावलेली होती. तिच्यावर छापलेलं होतं, होल्ड. लावणाऱ्यानं फार जपून लावली होती. स्वस्तिकाच्या एकाही रेषेला धक्का नाही, हळदीचं बोट पुसलेलं नाही. देवाचा मान राखला होता आणि माल थांबवला होता. एका ओळीत तीन खोकी, तिन्हींवर तशीच पट्टी, आत तीन जनरेटर. मी पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं तर धूळ लागली. म्हणजे ती आज लागलेली नव्हती. शनिवारी मी बसनं मोशीला गेले, त्यानंतर तासाभरातच लागली असणार. मग रविवारचा सगळा दिवस मी ज्या समाधानात काढला, स्वयंपाक करताना गुणगुणत होते, गॅलरीतल्या तुळशीला दोन वेळा पाणी घातलं, तो सगळा दिवस ही पट्टी इथे होती. सकाळच्या पूजेचा गंध अजून बोटांना होता. मी हात पदराला पुसले, कशासाठी ते कळलं नाही.

आमच्या कंपनीत मोठा माल नारळ फोडल्याशिवाय गेटबाहेर जात नाही. चाकणच्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी असंच असेल. मी उपासतापास करणारी बाई, म्हणून सतरा वर्षं पहिल्या खोक्याला हळदीकुंकू लावायचं काम माझ्याकडे आहे. चार वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा मी आपणहून मागे सरले होते. डिस्पॅचचा रविराज म्हणाला होता, तुमचा हात लागल्यावर आजवर एक खोकं परत आलेलं नाही ताई, आता नवीन हात कुठून आणू. मग मी पुन्हा लावायला लागले. तर नारळ फुटला, खोबरं वाटलं, की तो माल गेला असं आम्ही धरतो. गाडी गेटवर आणखी दोन तास उभी असली, ड्रायव्हर कँटीनमध्ये जेवत असला, तरी फोनवर विचारणाऱ्याला ‘गेला’ म्हणूनच सांगायचं. जायचा आहे असं म्हटलं की वाटेत काहीतरी आडवं येतं, अशी समजूत. शनिवारी नारळ फुटला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात होता, आणि त्याच तोंडानं म्हणावं तसं मी परदेशातल्या हालिनाबाईंना फोनवरून कळवलं: तुमचा जनरेटर निघाला. नऊ दिवसांत पोचेल. मी खोटं बोलले नव्हते. आमच्याकडे त्याला निघालं असंच म्हणतात. पण हे हालिनाबाईंना कुणी सांगितलं होतं? त्यांच्या देशात निघालं म्हणजे निघालं.

रविवारी दुपारी त्यांचा निरोप आला होता. त्या त्यांच्या भाषेत लिहितात, फोन त्याचं इंग्रजी करतो, आणि मी ते मनात मराठीतून वाचते. लिहिलं होतं: गुरुवारी नगरपालिका एक बस देणार होती, माझ्या अकरा रुग्णांना पश्चिमेकडच्या शहरात न्यायला. आज मी ती बस म्हाताऱ्यांच्या आश्रमाला देऊन टाकली. आता आम्ही इथेच राहतो. तुमचे आभार. ते वाचून मला बरं वाटलं होतं. आपल्यामुळे कुणाला घर सोडावं लागलं नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आता लाल पट्टीसमोर उभं राहून मी तोच निरोप पुन्हा वाचला. त्यातला बस हा शब्द मला पहिल्यांदा दिसला.

हालिनाबाई युक्रेनमधल्या एका लहान गावात डायलिसिसचं केंद्र चालवतात. डॉक्टर नाहीत, मोठ्या नर्स आहेत. तिथली वीज युद्धात तोडलेली आहे, परत आणतात, परत तोडली जाते. गेल्या हिवाळ्यात आमचा एक जनरेटर सेट त्यांच्याकडे गेला, तेव्हापासून त्याच्या तक्रारी माझ्याकडे येतात, कारण विक्रीनंतरची पत्रं, फोन, सुटे भाग हे माझं टेबल. पहिल्यांदा त्यांनी फक्त पॅनेलवरच्या लाल दिव्याचा फोटो पाठवला होता. मग हळूहळू आणखी गोष्टी यायला लागल्या. मध्येच सेट बंद पडला की डायलिसिसच्या मशीनच्या बाजूचा दांडा धरून हातानं चाक फिरवायचं, आणि बाहेर आलेलं रक्त सावकाश माणसाच्या अंगात परत सोडायचं. घाई करायची नाही, थांबायचंही नाही. एकदा त्यांनी चार जणांचं चाक आळीपाळीनं फिरवलं, दोनच हात होते. हे त्यांनी लिहिलं त्या दिवशी मी जपाला बसले तेव्हा माळेच्या मण्यावर अंगठा थांबला. आपणही काहीतरी फिरवतो आहोत, पण कुणाच्या अंगात काही परत जात नाही, असं वाटून गेलं. मग मी देवाची क्षमा मागितली आणि माळ पूर्ण केली.

त्या सेटचे पैसे त्यांचा देश देत नाही. एक मोठा मित्रदेश आहे, तो देतो, एका संस्थेमार्फत. आमच्या ऑफिसात त्या देशाला सगळे ‘थोरले’ म्हणतात. हे नाव रविराजनं पाडलं. थोरल्यांचा निरोप आला का, थोरले आज खुशीत आहेत का, थोरल्यांनी तोंड फिरवलं राव. या लॉटचं श्रावणापासून असंच चाललेलं. आधी हो. मग थांबा. मग हो, पण तीनच. मग थांबा. कार्तिकात पक्कं हो. आणि आता मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यात ही पट्टी. आम्हाला त्याचा त्रास एवढाच की शेडमधली जागा अडते. हालिनाबाईंनी एकदा लिहिलं होतं, आमच्याकडे माणसं सकाळी उठून आधी त्यांची बातमी बघतात, मग खिडकी उघडतात. त्यांचा भाऊ तोफखान्यात आहे. थोरल्यांनी हो म्हटलं की त्यांना सांगतात गोळे उडवा, नाही म्हटलं की सांगतात जपून ठेवा. पण हो आणि नाही यांच्या मधल्या दिवसांत कुणी काहीच सांगत नाही, आणि ती बातमी समोरचे लोकही ऐकत असतात. त्या मधल्या दिवसांत आमची माणसं जास्त जातात, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे एक ओळ होती. काहीच येणार नाही हे कळलं असतं तर आम्ही नदीच्या अलीकडे आलो असतो.

मी शेखर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. एक्स्पोर्टचं सगळं त्यांच्याकडे. माणूस वाईट नाही, मुलीच्या बारावीच्या काळजीत असतो. मी हळू आवाजात सगळं सांगितलं, बसचंसुद्धा. ते म्हणाले, पंधरा दिवसांत सुटेल, नेहमी सुटतं. तोवर प्रोसेसमध्ये आहे असं कळवा. मी म्हटलं, मी निघालं म्हणून कळवलं आहे. “मग काही कळवूच नका,” ते म्हणाले. “आणि साधनाताई, नाही हा शब्द आपल्या बाजूनं लिहून जाता कामा नये. नाही म्हटलं की संस्था दुसरीकडे बघते.” मी मान हलवली. माझी मान लवकर हलते. लहानपणापासून मला सगळे गुणी म्हणत आले ते या मानेमुळे.

दुपारी हालिनाबाईंनी विचारलं, गाडी मुंबईला पोचली का. मी उत्तर दिलं नाही. संध्याकाळी परत विचारलं, विमान कोणत्या दिवसाचं आहे. मी फोन पर्समध्ये, पर्स पिशवीत आणि पिशवी मांडीवर ठेवून बसमध्ये बसले. चाकणहून मोशीकडे येताना कुरुळी लागते. तिथे बस थांबते, आमचे सात-आठ जण उतरतात. अकरा वर्षं झाली, कुरुळी आली की मी डोळे मिटून नामस्मरण करते. बसमधल्या मुली समजतात ताईंची ती वेळच आहे. एक मुलगी तर त्या वेळी गाण्याचा आवाज कमी करते. मी तिला कधी सांगितलं नाही की कुरुळीत माझी धाकटी जाऊ राहते, आणि मला ती दिसायला नको असते.

आमचं घर मोशीतलं, जुनं. आता शेत नाही. ज्या तुकड्यात कांदा व्हायचा तिथे बारा मजल्यांची सोसायटी आहे आणि सातव्या मजल्यावर मी राहते. एक जमीन कंपनीच्या गोदामात गेली, तेव्हा घरातल्या एकाला नोकरी मिळायची होती. पदवी फक्त माझ्याकडे होती, म्हणून थोरली सून कंपनीत गेली. मुलगी लग्न होऊन साताऱ्याला आहे, रविवारी फोन करते. संध्याकाळी मी दार उघडते तेव्हा आतून सकाळच्या उदबत्तीचा शिळा वास येतो आणि मी त्या वासाला आले गं म्हणते. माझं एक व्रत आहे. सकाळी आंघोळ झाल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत बोलायचं नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी घेतलं, आजवर मोडलं नाही. आता ते पाळायला सोपं आहे, बोलायला समोर कुणी नसतं. कधी कधी नैवेद्य दाखवून झाल्यावर मला स्वतःला आठवण करून द्यावी लागते की आता बोललं तरी चालेल, आणि मी मोठ्यानं हं म्हणते.

तेव्हा, अकरा वर्षांपूर्वी, घरात अकरा माणसं होती. स्वप्नाली, माझ्या धाकट्या दिराची, रोहिदासभाऊजींची बायको. राजगुरुनगरच्या बाजूची, सत्तावीस वर्षांची, हसताना तोंडावर पदर न धरणारी. भाऊजी हात उचलायचे. ते सगळ्यांना माहीत होतं आणि भिंतीला माहीत असावं तसं माहीत होतं. तिनं कुरुळीत खोली बघितली होती, वायरिंगच्या एका कंपनीत कामाचंही ठरवलं होतं. वेगळं राहायचं म्हणत होती, एवढंच. त्याचा निर्णय करायला घरातल्यांची बैठक ठरली, तिच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ ज्योतीराम जीप घेऊन आला. म्हणाला, ताई, पोरीला घेऊन जातो, भांडण नको. स्वप्नाली माझ्याकडे आली. मी तुळशीपाशी होते. तिनं विचारलं, मी जाऊ का राहू. मी तिचा हात हातात घेतला. मला ते अजून आठवतं, कारण मी हात क्वचित कुणाचा घेते. मी म्हटलं, भावाबरोबर गेलीस तर पळून गेली म्हणतील. राहा. उद्या बैठकीत मी मामंजींशी बोलते. माझा शब्द ते खाली पडू देत नाहीत. मी आहे तुझ्या पाठीशी. हे मी अगदी मनापासून म्हटलं होतं. तिनं बाहेर जाऊन ज्योतीरामला परत पाठवलं. जीपचा आवाज वेशीपर्यंत ऐकू येत होता, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

ते कौतुक दिवेलागणीपर्यंत टिकलं. जेवणं झाल्यावर हे म्हणाले, तुला मध्ये पडायची काय गरज. मी तिला म्हटलं, थोडं सबुरीनं घेऊ. ती म्हणाली, बरं. सकाळी पाणी भरताना मी म्हटलं, आधी मामंजींचा मूड बघू. मी आंघोळीला निघाले तेव्हा तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. बैठक नऊला होती. माझी पूजा साडेआठला संपते. त्या दिवशीही एकशे आठ मणी साडेआठला संपले होते. नैवेद्याची वाटी बाजूला तयार होती. ती वाटी उचलून देवापुढे सरकवायची, पाणी फिरवायचं, आणि मौन सुटायचं. पण बाहेर सतरंजी झटकल्याचा आवाज आला, चपला काढल्याचे आवाज आले, आणि मी दुसरी माळ सुरू केली. देवानं मला दुसरी माळ करायला सांगितलं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्या दहा-वीस मण्यांपर्यंत वाटत होतं की ही संपली की जाईन. मामंजी, म्हणजे आबाजी, घरातले सगळ्यांत मोठे, त्यांचा आवाज आला, “थोरल्या सूनबाई काय म्हणत्यात?” कुणीतरी दारातून डोकावलं. “त्या मौनात हायेत.” आणि मामंजी म्हणाले, “म्हंजी त्यांची काय हरकत दिसत न्हाई.” स्वप्नालीनं वेगळं व्हायचं नाही, असं ठरून बैठक उठली. मी मणी ओढत राहिले. माझं नाव घेऊन माझ्या गप्प बसण्याचा शब्द झाला आणि तो तिच्या विरुद्ध पडला.

अकरा वाजता ती स्वयंपाकघरात आली. मी पोळ्या लाटत होते. ती रडत नव्हती. “झाली का पूजा, ताई?” तिनं विचारलं. मी मान हलवली. “कालच न्हाई म्हणला असता,” ती म्हणाली, “तर दादाची जीप मी परत न्हाई पाठवली असती.” त्याच आठवड्यात भाऊजींनी तिचं मनगट मोडलं. प्लास्टर काढायला दवाखान्यात गेली ती तिथूनच कुरुळीला गेली, एकटी, अंगावरच्या लुगड्यानिशी. तिला मारलं भाऊजींनी, हे खरं. पण त्यांचा तिला कधी भरवसा नव्हता. भरवसा माझा होता. एकदा, पाचेक वर्षांपूर्वी, मी डोळे मिटायला विसरले तेव्हा ती स्टॉपवर दिसली होती. निळा ड्रेस, गळ्यात कंपनीचं कार्ड, एका हातानं पिशवी धरलेली. ती बसकडे बघत होती, खिडक्यांकडे नाही. तिच्या बसचा नंबर बघत असावी.

मंगळवारी सकाळी रविराज म्हणाला, सुटतंय असं ऐकलं. दुपारी म्हणाला, एकच सुटतंय. चारला म्हणाला, थोरले मीटिंगमध्ये आहेत. त्यात त्याचं हसू नव्हतं. कंटाळा होता. हालिनाबाईंचे तीन निरोप आले. तिसऱ्यात लिहिलं होतं की जुना सेट सकाळी दोनदा बंद पडला. आणि बाई, तुम्ही बऱ्या आहात ना, तुम्ही कधी गप्प नसता. माझी काळजी करत होत्या. मी जेवणाचा डबा उघडला आणि परत लावला.

बुधवारी मी पूजेला बसले तेव्हा माळ संपल्यावर लगेच उठले. नैवेद्य दाखवला. मग तशीच पाटावर बसून राहिले. रोज ज्याच्यापुढे मी काही मागते त्याच्यापुढे आज मागायला काही नव्हतं. पट्टी निघू दे, असं मागता आलं असतं. पण ते मागणं म्हणजे पुन्हा वाट पाहणंच होतं, फक्त देवाच्या नावावर. कंपनीत गेल्यावर मी शेखर साहेबांना विचारलं, गुरुवारपर्यंत सुटेल असं तुम्ही मला लिहून द्याल का. ते हसले. सुटणार नाही असं लिहून द्याल का. ते म्हणाले, असं कोण लिहून देईल ताई. म्हणजे दोन्हीपैकी काहीच कुणी लिहून देणार नव्हतं, आणि मधल्या जागेत अकरा माणसं होती. त्या अकरांतल्या एकाचं वय हालिनाबाईंनी एकदा सांगितलं होतं, एकोणीस.

पावणेचारला मी लिहिलं. इंग्रजीत लिहिताना मी नेहमी दहा वेळा विचार करते. त्या दिवशी केला नाही. तुमचा जनरेटर निघालेला नाही. मी शनिवारी कळवलं ते चुकीचं होतं. आमच्याकडे पूजा झाली की निघालं म्हणायची पद्धत आहे, पण खोकं इथेच आहे आणि अडवलेलं आहे. ते येईल असं धरू नका. ते येणार नाही. कृपा करून बस परत मिळवा. पाठवून मी फोन टेबलावर उताणाच ठेवला. कुणाला इतकं साधं नाही मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं होतं, आणि तेही समुद्रापलीकडच्या बाईला.

चाळीस मिनिटं काही आलं नाही. मी एका गिऱ्हाइकाच्या फिल्टरचं पत्र लिहिलं, त्यात तारीख चुकवली. मग फोन वाजला. हालिनाबाईंनी लिहिलं होतं: सोमवारी सांगितलं असतं तर आश्रमाची बस मिळाली असती. आता दोन छोट्या गाड्या मागते आहे, उद्या सकाळी दहाला निघायचं. कदाचित नऊ जण मावतील. बाकीच्यांचं बघते. तुम्ही नाही म्हणालात, त्याचे आभार. इतके महिने कुणी म्हटलं नव्हतं. आणि पाठोपाठ आणखी एक: ते परत हो म्हणाले तर मला सांगू नका. मी पुन्हा थांबेन. मला माहीत आहे मी थांबेन.

मी उठून शेखर साहेबांना सांगितलं, मी नाही म्हणून लिहिलं. लपवलं असतं तर चाललं असतं, पण मला लपवता येत नाही, फक्त गप्प राहता येतं. ते खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, तुमचे उपास तुमच्यापाशी ठेवा हो ताई, कंपनीला कशाला उपाशी मारता. मग आवाज उतरवून म्हणाले, लेखी खुलासा द्या, सोमवारपर्यंत. मी मान हलवली नाही, हो म्हटलं. बसमध्ये मी खिडकीकडेच बसले. कुरुळी आली तेव्हा डोळे उघडे होते. स्टॉपवर वीसेक बायका होत्या, निळ्या ड्रेसमधल्या. त्यांत ती होती की नव्हती मला ओळखता आलं नाही. इतक्या वर्षांत माणूस किती बदलतं याचा मी कधी अंदाजच ठेवला नव्हता.

गुरुवारी मार्गशीर्षाचा उपास होता. दुपारी सव्वाबाराला शेडमधून ओरडा आला. रविराज माझ्या टेबलापाशी धावत आला, कपाळाला घाम. “सुटलं ताई, तिन्ही सुटली. मेल आला. एकची गाडी लावतोय.” मी म्हटलं, बरं झालं. तो म्हणाला, तुमच्या बाईंना कळवा आधी, खूश होतील. आमचं सव्वाबारा म्हणजे त्यांचं पावणेनऊ. त्यांच्या दहाला इथे दीड वाजणार होता. म्हणजे सव्वा तास होता. मी फोन हातात घेतला. एक ओळ लिहायची होती. ती पोचली असती, नऊ जण गाडीत चढण्याआधी पोचली असती, आणि उरलेल्या दोघांना कुठेच जावं लागलं नसतं. सेट खरोखर पोचला असता तर केंद्र चालू राहिलं असतं. खरोखर पोचला असता तर. मुंबईला पुन्हा पट्टी लागली नसती तर. पोलंडच्या हद्दीवर कुणाचं मन बदललं नसतं तर. आणि नसतंच बदललं तर? तर मी अकरा माणसांना विनाकारण थंडीत रस्त्यावर काढलं, आणि त्या दोघांचं काय झालं हे मला कधीच कळणार नव्हतं. एका बाजूला तो मेल खरा होता, शिक्क्यासह. दुसऱ्या बाजूला एका बाईनं मला सांगितलं होतं की तिचा स्वतःवर भरवसा नाही, आणि तो भार माझ्याकडे दिला होता. मला आत कुठेतरी जुनी ओढ लागली, चांगली बातमी सांगायची, ऐकणाऱ्याचं तोंड उजळताना बघायची. त्या ओढीला मी चांगली ओळखते. तिच्यातूनच मी लोकांचे हात हातात घेत आले.

सगळे जेवायला गेले. उपासाचं ताट मी मागवलं नव्हतं. टेबलावर फोन आणि समोर काचेतून शेड, तिथे क्रेननं पहिलं खोकं उचललं होतं आणि ते हवेत थोडं डुलत होतं. पट्ट्या काढलेल्या होत्या. एक वाजून दहा मिनिटांनी गाडी गेटबाहेर गेली. रविराज पाण्याची बाटली घेऊन आला, माझ्यापुढे ठेवली.

“कळवलं का?”

“नाही.”

“अहो, मग आता कळवा की. अजून वेळ आहे.”

“त्यांनी नको म्हटलंय.”

त्याला ते पटलं नाही. तो म्हणाला, माणूस रागाच्या भरात म्हणतं असं, ताई, मनावर घ्यायचं नसतं. मग म्हणाला, बघा तुम्ही, आणि गेला. मी बाटलीचं झाकण काढलं आणि परत लावलं. भिंतीवरच्या घड्याळात एक वीस झाले. पंचवीस झाले. फोनचा पडदा दोनदा उजळला, दोन्ही वेळा आमच्याच कुणाची तरी तक्रार होती, मी त्यांना उत्तरं दिली, नीट, तारखेसह. दीड वाजला. तिकडे आता दारं लागत असतील, कुणीतरी कुणाला तरी आत सरकून घ्यायला सांगत असेल, किंवा काहीच नसेल, गाड्या आल्याच नसतील. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आता कळवलं तरी उपयोग नाही अशी वेळ आली आणि गेली, आणि तिच्याबरोबर माझ्या खांद्यांतलं काहीतरी उतरलं, पण हलकं वाटलं नाही.

त्याला आता तीन आठवडे झाले. हालिनाबाईंसाठीचा सेट पोचल्याची पावती आली, दुसऱ्याच गावाच्या शिक्क्याची. खुलासा मी दिला, तो फाईलला लागला. हालिनाबाईंचा निरोप त्यानंतर आला नाही. मी त्याची वाटही पाहत नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.